आमच्या बिल्डिंगखाली बिअर शॉपी येतेय, हरकत नेमकी कुठे घ्यायची?

चौथा मजला | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज अडलोय म्हणून लिहितो.

आमची सोसायटी महापालिका हद्दीतली (गावाचं नाव मुद्दाम देत नाही). ११६ सदनिका आणि खाली रस्त्याच्या तोंडाला ११ गाळे: किराणा, लाँड्री, दातांचा दवाखाना, झेरॉक्स, पिठाची गिरणी वगैरे. सात नंबरचा गाळा करोनापासून बंद होता. गणपती उठले आणि त्याचं शटर उघडलं. फरशी बदलली, रंग झाला, आणि गेल्या आठवड्यात टेम्पोतून काचेच्या दारांचे तीन उभे फ्रीज उतरले. आम्हाला वाटलं, आइस्क्रीम पार्लर. माझी मुलगी खूश. दोन दिवसांनी लाँड्रीवाल्याने इस्त्रीचे कपडे देता देता हळूच सांगितलं, "साहेब, बिअर शॉपी आहे."

आज सकाळी पार्किंगमध्ये सगळे जमलो. माजी नगरसेवक आले, "मी बघतो" म्हणाले, फोटो काढून गेले. गेल्या चार दिवसांत ९४ सह्या जमल्यात. तरुण पिढी बरबाद होईल, संस्कृतीला काळिमा वगैरे मजकुराचं पत्र क्षेत्रीय कार्यालयाला आणि पोलीस चौकीला दिलं. क्षेत्रीय कार्यालयाने उभ्या उभ्याच सांगितलं, हा विषय आमच्याकडे येत नाही.

मग येतो कुणाकडे? सोसायटीची परवानगी लागत नाही का? रस्त्यापलीकडे बालवाडी आहे, तिचा काही उपयोग होईल? अडचण अशी की गाळामालक आमचाच सभासद आहे. गणपतीची सगळ्यात मोठी पावती दरवर्षी त्याचीच असते.

---

निवांत नाना | रविवार, रात्री १०:५८

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. या धाग्यावर चखणा म्हणायला हवं खरं तर.

---

कारकून रिटायर्ड | सोमवार, सकाळी ७:१५

तुमचं पत्र चुकीच्या दारात पडलंय. निम्म्या सोसायट्यांचं असंच होतं.

दारूचा परवाना महापालिका देत नाही. तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली जिल्हाधिकारी देतात. (होय, आपल्याकडे दारू विकायची परवानगीही दारूबंदीच्याच कायद्याने मिळते.) फाइल चालवतं राज्य उत्पादन शुल्क खातं. अर्ज अधीक्षकांकडे जातो, निरीक्षक जागेवर येऊन पाहतो, पोलिसांचा अहवाल मागवतात, मग वर सही. महापालिका येते ती कागदापुरती: मंजूर नकाशात गाळा दुकान म्हणून दाखवलाय का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आत पोटमाळा ठोकलाय का. माजी नगरसेवकांनी कितीही 'बघितलं' तरी ते फाइलच्या बाहेरूनच.

बिअर शॉपी म्हणजे एफएल/बीआर-२. सीलबंद बिअर आणि वाइन विकायची, तिथे बसून प्यायची नाही. व्हिस्की-रम मिळते ते वाइन शॉप, म्हणजे एफएल-२. त्याचे नवे परवाने १९७०च्या दशकापासून बंद आहेत. जुनेच या हातातून त्या हातात फिरतात, एका पेठेतून दुसऱ्या उपनगरात जातात. २०२५ मध्ये ३२८ नवे परवाने काढायची गोष्ट निघाली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. शॉपीवर तशी बंदी नाही, म्हणून ती गल्लोगल्ली दिसते.

अंतराचं: महापालिका हद्दीत शाळा आणि धार्मिक स्थळापासून ७५ मीटर. पण शाळा मान्यता असलेली हवी आणि देऊळ नोंदणीकृत न्यासाचं हवं. पारावरचा मारुती इथे कामाला येत नाही. मोजणी दारापासून दारापर्यंत, माणूस पायी जाईल त्या वाटेने. नकाशावर पट्टी ठेवून नाही.

आता मुद्द्याचं. मार्च २०२५ मध्ये भोसरीचे आमदार महेश लांडगे यांनी विधानसभेत पिंपरी-चिंचवडमधल्या दारू दुकानांचा विषय काढला होता. त्या वेळी उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी सांगितलं की सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारू दुकानाला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. तेव्हा पहिला प्रश्न तुम्हालाच: तुमच्या सोसायटीने ना हरकत दिलीय का? "नाही हो" म्हणायच्या आधी माहिती अधिकारात फाइलची नक्कल काढा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. आणि अर्जात संस्कृती आणू नका. संस्कृतीला फाइलमध्ये रकाना नसतो.

---

चौथा मजला | सोमवार, सकाळी ९:३०

काका, दंडवत. ना हरकत आम्ही कुणीच दिलेली नाही, शंभर टक्के. तरी अर्ज आजच टाकतो. अधीक्षक कार्यालयाला हरकतीचं पत्रही देतो, या वेळी काळिमा वगळून.

---

परमिट रूमवाला | सोमवार, दुपारी १:०५

दुसरी बाजूही येऊ द्या. आमचा हायवेला परमिट रूम आहे, वडिलांपासून.

कायदा मीटरमध्ये बोलतो हे आमच्याइतकं कुणी सोसलं नसेल. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू नको. १ एप्रिल २०१७ ला आमचं शटर खाली. वीस हजार वस्तीच्या आतल्या गावांना नंतर ५०० चे २२० मीटर करून दिले, आमचं गाव त्यातही बसेना. तिकडे केरळात एका बारवाल्याने दारापुढे जत्रेतल्या भुलभुलैयासारखी वळणावळणाची वाट बांधली आणि चालायचं अंतर वाढवून घेतलं! आम्ही हसलो, आणि मग आमच्या मागच्या शेताकडे बघत बसलो, तिकडून दार काढता येईल का म्हणून.

शॉपीबद्दल माझं म्हणणं एवढंच. शॉपीवाला साडेदहाला शटर ओढून घरी जातो. कट्ट्यावर बसलेला घरी जात नाही. २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढलं, परमिट रूमवरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, त्याविरुद्ध १४ जुलैला आम्ही राज्यभर बार बंदही ठेवले. तेव्हापासून आमच्याकडे टेबलावर बसणारी पोरं शॉपीतून चार कॅन घेतात आणि कुणाच्या तरी पार्किंगच्या भिंतीवर बसतात. ग्लास प्लास्टिकचे, शेंगदाण्याच्या पुड्या तिथेच. त्यामुळे तुमच्या गाळ्यांपुढे कट्टा असेल तर भांडण त्याचं करा. दिवे, कॅमेरा, सिक्युरिटी लावा.

अवांतर: जागा पास होणार की नाही हे सगळ्यात आधी अंडाभुर्जीच्या गाडीवाल्याला कळतं. त्याचा अंदाज निरीक्षकापेक्षा पक्का.

---

सरळसोट | सोमवार, दुपारी ३:४०

थोडं कडू लिहितो, हलके घ्या.

९४ सह्यांपैकी किती जणांच्या फ्रीजमध्ये बिअर आहे? गाळा दुकानासाठी आहे, माल कायदेशीर आहे, सरकार त्यावर कर घेतं. २१ वर्षांच्या माणसाला बिअर आणि २५ च्या माणसाला व्हिस्की चालते असं कायदाच म्हणतो. पिण्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. तरी जानेवारी २०२२ मध्ये १०० चौरस मीटरच्या वरच्या सुपरमार्केटात वाइनचं कपाट ठेवायला मंत्रिमंडळाने हो म्हटलं, तर अण्णा हजारे उपोषणाला निघाले आणि निर्णय कागदावरच राहिला. आपल्याला बाटली हवी असते, फक्त ती दुसऱ्याच्या बिल्डिंगखाली.

---

निवांत नाना | सोमवार, दुपारी ३:४४

झालं. आता धाग्याचं काश्मीर होणार.

---

पिठाची गिरणी | सोमवार, सायंकाळी ६:१२

सरळसोट, मी त्याच सोसायटीत राहतो. सही केलीय, आणि शनिवारी दोन कॅनही घेतो. हायवेच्या दुकानातून घेतो, गाडीच्या डिकीत घालून आणतो, लिफ्टमध्ये पिशवी पायामागे धरतो. शॉपी खाली आली तर मला सोयीचंच आहे. तरी सही केली, कारण सात नंबरला लागूनच आठ नंबर म्हणजे दातांचा दवाखाना, आणि तिथे माझी आई एकटी जाते. याला ढोंग म्हणायचं तर म्हणा.

---

प्राजक्त | सोमवार, रात्री ११:२०

एवढं अंतर अंतर चाललंय म्हणून लिहिते.

माझे धाकटे दीर. दुकान दोन किलोमीटरवर होतं तेव्हा ते आठवड्यातून दोनदा जायचे. कंटाळा यायचा, पाऊस असायचा, पायात चप्पल नसायची, सासूबाई दारात उभ्या असायच्या. मग आमच्या कोपऱ्यावर दुकान झालं. परवाना अगदी कायदेशीर. त्यानंतर ते दूध आणायला गेले तरी पंधरा मिनिटं लागायची. दुधाची पिशवी गरम होऊन यायची, त्यावरून मला कळायचं. आता ते नाहीत.

दुकान नसतं तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही. पण ज्याला सोडायचीय त्याच्यासाठी दोन किलोमीटर म्हणजे खूप असतं.

---

सरळसोट | सोमवार, रात्री ११:५१

ताई, माफ करा. यावर मला काही बोलायचं नाही.

---

आडवी बाटली | मंगळवार, सकाळी ६:५०

दुकान सुरू झालं तरी सगळं संपत नाही. आमच्या गावात (सातारा जिल्हा) आम्ही बायकांनी मतदान घेतलं होतं, त्याचं सांगते.

२००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावाला किंवा शहरातल्या वॉर्डालाही चालू दुकान मतदानाने बंद करता येतं. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते. म्हणजे अधिकारी येऊन प्रत्येकीला विचारतो, सही तुमचीच का. आमच्याकडे इथेच निम्मी हवा गेली, कारण त्या दिवशी दुकानदाराचा चुलता खुर्ची टाकून समोरच बसला होता. काही जणींनी "आठवत नाही" म्हणून सांगितलं. त्यांनाही घरी जायचं होतं.

मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. मेख अशी की निम्म्याहून जास्त मतं हवीत ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या. आणि यादीत कोण? लग्न होऊन गेलेल्या मुली, मुंबईला राहणाऱ्या सुना, वारलेल्या म्हाताऱ्या. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने धरली जाते. आम्ही मुंबईहून दोन टेम्पो भरून सुना आणल्या, एक तर दुसऱ्या दिवशी बाळंत झाली. पहिल्या खेपेला तेरा मतांनी हरलो. दुसऱ्या खेपेला आधी दोन महिने यादीच दुरुस्त करून घेतली, मग जिंकलो.

दुकान बंद झालं. सहा महिन्यांनी ओढ्याकाठी हातभट्टीचा फुगा मिळायला लागला. त्याला परवाना नसतो, त्यामुळे मतदानाने बंदही करता येत नाही. तरी मी म्हणते बरं झालं. रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या पोरींना आता वाट बदलावी लागत नाही.

शहरातल्या वॉर्डात एवढ्या बायका एका दिवशी बाहेर काढणं मला तर अवघड दिसतं. म्हणून परवाना मिळण्याआधीच काय ते करा.

---

कारकून रिटायर्ड | मंगळवार, सकाळी ७:३०

वरच्या प्रतिसादातला 'यादी आधी दुरुस्त केली' हा भाग सगळ्यांनी दोनदा वाचा.

जिल्हाभरच्या दारूबंदीचंही असंच. वर्धा १९७५, गडचिरोली १९९३, चंद्रपूर २०१५. चंद्रपूरची २०२१ मध्ये उठवली, आणि उठवताना कारण काय दिलं? अवैध दारू आणि गुन्हे वाढले.

---

थेम्सकाठी | मंगळवार, दुपारी २:१०

इकडचं, इंग्लंडचं सांगते, कारण इथे खरंच स्थानिक कौन्सिल परवाना देतं.

आमच्या कोपऱ्यावर एका गुजराती काकांचं दुकान आहे, दूध, पाव, कोथिंबीर, लॉटरी. त्यांनी दारू विकायचा अर्ज केला. दुकानाच्या काचेवर फिकट निळ्या कागदावर नोटीस लागली, २८ दिवस. त्या काळात कुणीही कौन्सिलला लेखी हरकत देऊ शकतं. मी लगेच लिहिलं, इथून मुलं मराठी शाळेला जातात, चांगलं दिसत नाही. कौन्सिलकडून नम्र उत्तर आलं: २००३ च्या लायसन्सिंग कायद्यात चारच गोष्टी बघतात. गुन्हे रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव रोखणं, मुलांना अपाय होऊ न देणं. यापैकी तुमची हरकत कशात बसते? दारू वाईट आहे, किंवा आधीच दोन दुकानं आहेत, हे धरत नाहीत.

मग आम्ही तिघी शेजारणींनी बसून पुन्हा लिहिलं. मागच्या बोळात दिवा नाही, रात्री अकरानंतर तिथे कोण बसतं, अमुक तारखेला काच फुटली, पोलिसांना फोन केला त्याचा नंबर. तीन कौन्सिलरांपुढे सुनावणी झाली. काका एका बाजूला सूट घालून, आम्ही दुसऱ्या बाजूला, मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! परवाना मिळाला, पण अटींसह: रात्री दहापर्यंतच, कॅमेरे, कडक बिअरचा सुटा कॅन विकायचा नाही, आणि पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र मागायचं. काका त्यानंतर महिनाभर माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलत होते. आता पुन्हा कोथिंबीर फुकट देतात.

तुमच्याकडे निळा कागद नाही, तुम्हाला लाँड्रीवाल्याकडून कळलं, यातच सगळा फरक आला.

---

मांडवीपार | मंगळवार, रात्री ९:००

गोंयकाराचे दोन पैसे. आमच्या वाड्यावर भुसारी दुकानात एका फळीवर साबण आणि वरच्या फळीवर फेणी. लहानपणापासून बघतोय, तांदूळ घ्यायला आलेली बाई तिकडे ढुंकून बघत नाही. तुमच्याकडे काळ्या पिशवीत घालून देतात, तीच पिशवी मला जास्त बेकायदा वाटते. पण आमच्याकडे पिऊन मेलेले कमी आहेत असं मात्र समजू नका. आणि पर्यटक गाडीच्या बॉनेटवर बाटल्या मांडून बसतात तेव्हा आम्हीही पंचायतीत ओरडतोच.

---

चौथा मजला | पाच आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ११:३५

उशिरा लिहितोय, पण बरंच घडलं.

माहिती अधिकारात नक्कल मिळाली. काका, तुमच्या तोंडात साखर पडो आणि माझ्या 'शंभर टक्के'वर माती. फाइलमध्ये आमच्या सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र आहे! लेटरहेडवर, शिक्क्यासह, सचिवांच्या सहीचं. मजकूर असा: 'सदर गाळ्यात शीतपेये व तत्सम पेये यांच्या विक्रीस संस्थेची हरकत नाही.' तत्सम! सचिव ७३ वर्षांचे आहेत, बँकेतून निवृत्त, आयुष्यात चहाशिवाय काही घेतलेलं नाही. म्हणाले, मला कोल्ड्रिंकचं दुकान सांगितलं होतं. फ्रीज बघून माझी मुलगी फसली तसेच तेही फसले. सभेचा ठराव नाही, इतिवृत्तात नोंद नाही.

पाच पूर्ण दिवसांची नोटीस देऊन विशेष सर्वसाधारण सभा घेतली. एवढी गर्दी पाण्याच्या टँकरच्या सभेलाही नव्हती. ना हरकत मागे घेण्याच्या बाजूने ७१, विरोधात ९. विरोधातले बहुतेक गाळेवाले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं: आज शॉपी, उद्या मटण शॉप, परवा तुम्ही ठरवणार गाळा कुणाला द्यायचा. गाळामालक उभा राहिला आणि म्हणाला, इतकी वर्षं गाळा बंद होता तेव्हा मेंटेनन्स मी भरला, तुमच्यापैकी कुणी भाडेकरू शोधून दिला का? सगळे गप्प. ठराव झाला, प्रत अधीक्षक कार्यालयात दिली, पोच घेतली.

मग निरीक्षक मोजायला आले. बालवाडीसाठी मी फार आशेवर होतो. दोन शिपाई, लांब टेप. गाळ्याच्या दारापासून निघाले, मला वाटलं सरळ रस्ता ओलांडतील. पण मध्ये दुभाजक, त्याला लोखंडी जाळी. पायी माणूस जाळीवरून उडी मारत नाही, म्हणून टेप चौकापर्यंत गेली, वळसा घालून परत आली. भरलं ८१ मीटर. शिवाय बालवाडीला मान्यता नाही हे तिथल्या बाईंनी स्वतःच सांगून टाकलं. मागच्या वर्षी दुभाजकाला जाळी बसवा म्हणून अर्ज कुणी केला होता? आमच्याच सोसायटीने.

तेव्हा आता सगळी भिस्त ठरावावर. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे.

---

कारकून रिटायर्ड | रविवार, सकाळी ६:४०

सुनावणीला ठरावाची प्रत, सभेची नोटीस, हजेरीपट आणि सचिवांचं 'तत्सम' या शब्दाबद्दलचं लेखी निवेदन घेऊन जा. सचिव स्वतः आले तर उत्तम, त्यांच्याकडे बघून कुणालाही पटेल. आदेश विरुद्ध गेला तर उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येतं. शॉपीवाल्याच्या बाजूने गेला नाही तर तोही करेल, हे धरून चाला.

---

पिठाची गिरणी | रविवार, सकाळी १०:२०

७१ मध्ये मीही आहे. गाळामालकाने सभेनंतर लिफ्टमध्ये विचारलं, "तू पण?" माझ्या हातात पिशवी होती.

---

परमिट रूमवाला | रविवार, दुपारी १२:००

कायद्याचं सोडा. भुर्जीची गाडी आली का ते सांगा.

---

चौथा मजला | रविवार, रात्री ८:१५

गाळ्याला कुलूप आहे, फ्रीज आत झाकून ठेवलेत. पण तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता खाली जाऊन बघून आलो. दहा नंबरच्या कोपऱ्याला, दिव्याच्या खांबाजवळ, परवापासून एक हातगाडी उभी आहे. निळी ताडपत्री, खाली अंड्यांचे सहा ट्रे. विचारलं, कधी सुरू करणार? म्हणाला, "बघू, पंधरा-वीस दिवसांत."